मातीतल्या ओलीचे मोजमाप

जमिनीच्या पृष्ठभागापासून भूजलाच्या पातळीपर्यंत जो मातीचा थर असतो, त्याच्या पोकळ्यांत पाणी असते आणि हवाही असते. हा असंपृक्त थर. पिकांची मुळे बहुतांशी याच थरात वाढतात. पावसाचे पाणी विहिरींपर्यंत पोचते ते याच वाटेने, आणि खतांचा व कीटकनाशकांचा अंशही याच वाटेने खाली उतरतो. इतके महत्त्व असूनही या थरातल्या पाण्याची हालचाल मोजण्याची शास्त्रीय रीत बसायला विसावे शतक उजाडावे लागले. संपृक्त थरात खड्डा खणला की पाणी आपणहून त्यात जमते; त्याची पातळी मोजता येते, उपसाही मोजता येतो. ओल्या पण असंपृक्त मातीत खणलेला खड्डा मात्र कोरडाच राहतो. तिथले पाणी कणांना चिकटलेले आणि बारीक पोकळ्यांत ताणून धरलेले असते. त्याचा दाब हवेच्या दाबापेक्षा कमी असल्यामुळे ते मोकळ्या जागेत उतरत नाही. जे पाणी हाती येत नाही ते मोजायचे कसे, या प्रश्नाभोवती हा सगळा इतिहास फिरतो.

मोजायच्या गोष्टी तीन: मातीत पाणी किती आहे, माती ते किती ताणाने धरून आहे, आणि ते किती वेगाने सरकते आहे. पहिली सर्वांत सोपी. ओली माती तोलायची, १०५ अंश सेल्सिअसच्या भट्टीत वाळवायची आणि पुन्हा तोलायची. ही रीत आजही सगळ्या उपकरणांची कसोटी मानली जाते. उरलेल्या दोन गोष्टींसाठी मात्र आधी कल्पना लागली आणि मग साधने.

पाण्याच्या वेगाचा पहिला पक्का नियम संपृक्त वाळूतून आला. फ्रान्समधल्या दीजाँ शहराला पाणीपुरवठा करणारे अभियंता आंरी दार्सी यांनी वाळूच्या उभ्या स्तंभांतून पाणी सोडून पाहिले आणि १८५६ मध्ये निष्कर्ष छापले. प्रवाह हा पाण्याच्या उंचीतील फरकाच्या आणि वाळूच्या वाहकतेच्या प्रमाणात असतो, हा तो नियम. दार्सींची वाळू पाण्याने पूर्ण भरलेली होती, त्यामुळे तिची वाहकता हा एकच ठरावीक आकडा होता. शेतातल्या मातीला हा नियम जसाच्या तसा लागू पडत नव्हता.

शेतातले पाणी थेट मोजण्याचा मोठा प्रयत्न इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात झाला. लॉज आणि गिल्बर्ट या संशोधकांनी १८७० मध्ये तिथे मातीचे तीन ठोकळे जागच्या जागी, न हलवता, खालून पोखरून आणि चारी बाजूंनी भिंती बांधून वेगळे केले. त्यांची खोली २०, ४० आणि ६० इंच होती. प्रत्येकाचे क्षेत्रफळ एकराचा हजारावा भाग, म्हणजे सुमारे चार चौरस मीटर. तळाशी झिरपलेले पाणी गोळा करून मोजले जाई. वर्षभरात पडलेल्या पावसाचा किती हिस्सा खाली जातो, हे त्यातून कळू लागले. पुढे लायसीमीटर या नावाने अशी साधने जगभर बसली. भारतातही विसाव्या शतकाच्या सुरुवातीस सरकारी कृषिरसायनज्ञ जे. वॉल्टर लेदर यांनी पुसा आणि कानपूर येथे ती बांधली.

या ठोकळ्यांत एक मूलभूत अडचण होती. तळ उघडा असल्यामुळे पाण्याचा दाब हवेच्या दाबाइतका झाल्याशिवाय ते बाहेर पडत नाही, म्हणजे तळाची माती आधी संपृक्त व्हावी लागते. आसपासच्या मोकळ्या जमिनीत खालची कोरडी माती पाणी ओढून घेत असते, ती ओढ इथे नाही. त्यामुळे ठोकळ्यातली माती शेजारच्या शेतापेक्षा ओलसर राहते. जी ओढ मोजायची, तीच बांधकामाने तोडून टाकलेली होती. तरीही रॉथॅमस्टेडच्या नोंदींतून एक गोष्ट पुढे आली आणि तिचे मोल शंभर वर्षांनी पुन्हा लक्षात आले: काही पाणी मातीच्या बारीक पोकळ्यांत न शिरता गांडुळांच्या बिळांतून आणि भेगांतून थेट खाली जाते. लॉज, गिल्बर्ट आणि वॉरिंग्टन यांनी १८८२ मध्ये हे नोंदवून ठेवले.

ओढीला गणिती रूप दिले एडगर बकिंगहॅम यांनी. मूळचे फिलाडेल्फियाचे आणि लाइपझिगला डॉक्टरेट मिळवलेले हे भौतिकशास्त्रज्ञ १९०२ मध्ये अमेरिकेच्या मृदा विभागात रुजू झाले. मातीचा त्यांना पूर्वानुभव नव्हता, आणि कदाचित म्हणूनच त्यांनी तिच्याकडे उष्णतेच्या आणि विजेच्या वहनाकडे पाहावे तसे पाहिले. तापमानातल्या फरकामुळे उष्णता वाहते, विभवातल्या फरकामुळे वीज वाहते; मग मातीतले पाणी कशातल्या फरकामुळे वाहते? ओलाव्यातल्या फरकामुळे, हे उत्तर चुकीचे आहे. हाताला ओलसर लागणाऱ्या वाळूला कोरडसर लागणारी चिकणमाती लावून ठेवली तर कमी पाणी असलेली वाळू आपले पाणी जास्त पाणी असलेल्या चिकणमातीला देऊ शकते. माती पाण्याला ज्या ताणाने धरते त्यातल्या फरकामुळे पाणी वाहते, हे बकिंगहॅम यांचे उत्तर होते, आणि त्या राशीला त्यांनी केशाकर्षी विभव असे नाव दिले. दुसरी गोष्ट त्यांनी तितक्याच स्पष्टपणे मांडली: असंपृक्त मातीची वाहकता ठरावीक नसते, ओलाव्यानुसार ती बदलते. पोकळ्यांत हवा शिरली की पाण्याच्या वाटा तुटतात, उरलेल्या वाटा अरुंद आणि वळणावळणाच्या होतात.

ताण मोजण्याचे साधन त्यांच्याकडे नव्हते. त्यांनी अडचणीतून सुंदर वाट काढली. वाळूपासून चिकणमातीपर्यंत सहा प्रकारच्या माती सुमारे सव्वा मीटर उंचीच्या स्तंभांत भरल्या, स्तंभांचे बूड पाण्यात ठेवले, वरून बाष्पीभवन होऊ नये अशी व्यवस्था केली आणि कित्येक आठवडे ते तसेच राहू दिले. पाणी वर चढायचे थांबले, सगळे स्थिर झाले, की पाण्याच्या पातळीपासूनची उंची हाच त्या जागेचा ताण. मग स्तंभाचे थर कापून प्रत्येकाचा ओलावा मोजायचा. अशा रीतीने ताण आणि ओलावा यांचा संबंध दाखवणाऱ्या पहिल्या वक्ररेषा मिळाल्या. कोरड्या हवेत मातीचा वरचा थर झपाट्याने सुकतो आणि तोच खालच्या ओलीचे रक्षण करतो, हेही त्यांनी प्रयोगाने दाखवले. हे सारे काम १९०७ मध्ये विभागाच्या ‘बुलेटिन ३८’ म्हणून छापून आले तेव्हा ते विभाग सोडून राष्ट्रीय मानक संस्थेत गेले होते. मितीय विश्लेषणातले त्यांचे १९१४ चे प्रमेय अभियंत्यांना आजही पाठ असते; मातीवरचे काम मात्र दीर्घकाळ उपेक्षित राहिले. या शास्त्राचा पाया दार्सींच्या बरोबरीने बकिंगहॅम यांचा आहे, हे मान्य व्हायला फार उशीर झाला.

त्याच सुमारास अमेरिकेतले वनस्पतिशास्त्रज्ञ बर्टन लिव्हिंग्स्टन कुंड्यांतल्या रोपांना आपोआप पाणी मिळावे म्हणून भाजलेल्या मातीचे सच्छिद्र कप वापरत होते. १९०८ मध्ये त्यांनी ही युक्ती प्रसिद्ध केली. कपात पाणी भरून तो मातीत पुरला की माती हवे तेवढे पाणी भिंतीतून ओढून घेते. ही ओढ म्हणजेच बकिंगहॅम यांचा ताण, आणि कपाला दाबमापक जोडला तर तो वाचता येईल, हे यूटा राज्यातल्या विलर्ड गार्डनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० च्या दशकात ओळखले. गार्डनर यांचे विद्यार्थी लॉरेंझो रिचर्ड्स यांनी ते साधन पक्के केले. टेन्शिओमीटर हे नाव १९३० च्या दशकात रूढ झाले.

टेन्शिओमीटरची रचना सुतासारखी सरळ आहे. पाण्याने भरलेली बंद नळी, तिच्या टोकाला सच्छिद्र कप आणि वर पाऱ्याचा किंवा तबकडीचा दाबमापक. कपाची छिद्रे इतकी बारीक असतात की ओली असताना त्यांतून हवा आत शिरत नाही, पाणी मात्र ये-जा करते. माती सुकली की कपातले पाणी ओढते आणि नळीत निर्वात ताण तयार होतो. पाऊस पडला की पाणी परत आत येते आणि ताण उतरतो. कपातले आणि मातीतले पाणी एकच अखंड पाणी झाल्यामुळे आतला ताण हा मातीचाच ताण असतो. खड्ड्याला जे साधले नाही ते या बोटभर कपाला साधले. मर्यादा एकच, पण पक्की: सुमारे ८० ते ८५ किलोपास्कलच्या पुढे नळीतल्या पाण्यात बुडबुडे येतात आणि स्तंभ तुटतो. तरीही सिंचनाखालच्या शेतीतला बराचसा व्यवहार याच मर्यादेत चालतो. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने भातशेतीसाठी रंगीत पट्ट्यांचा साधा टेन्शिओमीटर तयार केला, तो याच जोरावर. पाण्याची पातळी कोणत्या रंगाच्या पट्टीपर्यंत उतरली, एवढे पाहून शेतकरी पाणी द्यायचे की थांबायचे ते ठरवतो.

रिचर्ड्स यांनी १९३१ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात पूर्ण केलेल्या संशोधनात बकिंगहॅम यांचा प्रवाहनियम आणि वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा नियम एकत्र गुंफून एकच समीकरण मांडले. असंपृक्त मातीतल्या पाण्याच्या हालचालीचे ते आजही मुख्य समीकरण आहे. याच स्वरूपाचे समीकरण इंग्रज शास्त्रज्ञ लुइस फ्राय रिचर्डसन यांनी १९२२ मध्येच आपल्या हवामान-भाकितावरच्या ग्रंथात दिले होते. हवेचे गणित करताना खालच्या जमिनीतली ओलही हिशेबात धरावी लागते, म्हणून ते तिथे आले. मृदाशास्त्रज्ञांनी तो ग्रंथ उघडला नाही, आणि समीकरणाला नाव रिचर्ड्स यांचे पडले.

समीकरण सुटण्याआधी आणखी एक गुंता पुढे आला. रॉथॅमस्टेडच्या विल्यम हेन्स यांनी सच्छिद्र तळाच्या नरसाळ्यात माती आणि काचेचे गोल मणी ठेवून खाली पाण्याचा स्तंभ लोंबता सोडला. स्तंभ खाली-वर करून हवा तो ताण देता येई. १९३० मध्ये त्यांनी दाखवले की एकाच ताणाला माती दोन वेगळे ओलावे दाखवते: सुकत आलेल्या मातीत पाणी जास्त, भिजत आलेल्या मातीत कमी. रुंद पोकळीचे तोंड अरुंद असले तर ती रिकामी व्हायला मोठा ताण लागतो, आणि भरायला मात्र ताण बराच उतरावा लागतो. म्हणजे मातीला आपला इतिहास आठवतो. नुसता ताण मोजून ओलावा सांगणाऱ्यांची ही कायमची अडचण आहे, आणि बहुतेक हिशेबांत ती सोयीसाठी बाजूला ठेवली जाते.

टेन्शिओमीटरच्या पलीकडचा ताण मोजण्यासाठी रिचर्ड्स यांनी दिशाच उलटी केली. खालून ओढण्याऐवजी वरून ढकलायचे. बंद पात्रात ओल्या सच्छिद्र तबकडीवर किंवा पडद्यावर माती ठेवायची आणि हवेचा दाब वाढवायचा. त्या दाबाला जेवढे पाणी निघते ते निघून गेले की उरलेला ओलावा मोजायचा. १९४० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड येथील क्षार प्रयोगशाळेत हे काम झाले. ब्रिग्ज आणि शँट्झ यांनी १९१२ मध्ये रोपे कायमची कोमेजतात तेव्हाच्या ओलाव्याचा अभ्यास केला होता. तो ओलावा सुमारे १५०० किलोपास्कल ताणाशी जुळतो, हे आता दिसले. वरची मर्यादा, म्हणजे जोराच्या पावसानंतर जादा पाणी निथळून जमीन वाफशावर येते तेव्हाची ओल, साधारण ३३ किलोपास्कलला धरण्याचा प्रघात पडला. हा दुसरा आकडा खरे तर मातीगणिक बदलतो. वाळूसाठी तो फार मोठा आहे. पण कोष्टकांत तो इतका घट्ट बसला की अजून निघालेला नाही.

तिसरी गोष्ट, वेग, मोजणे सर्वांत अवघड ठरले, कारण माती सुकत जाताना वाहकता हजारो आणि पुढे लाखो पटींनी घटते. त्यातून एक अनपेक्षित परिणाम निघतो. संपृक्त असताना वाळू चिकणमातीपेक्षा कितीतरी जास्त पाणी वाहू देते, पण दोन्ही बऱ्याच सुकल्या की चिकणमाती वाळूला मागे टाकते. म्हणूनच बारीक मातीखाली जाड वाळूचा थर असला तर मुरत आलेले पाणी त्याच्या तोंडाशी थबकते आणि वरची माती जवळजवळ भिजून निघेपर्यंत खाली जात नाही.

केंब्रिजच्या चाइल्ड्स आणि कॉलिस-जॉर्ज यांनी १९५० मध्ये वाहकता मोजण्याची एक नितळ रीत प्रसिद्ध केली. मातीच्या उंच स्तंभावर वरून अगदी सावकाश, एका लयीत पाणी सोडायचे. काही काळाने स्तंभाच्या मधल्या भागात ओलावा सगळीकडे सारखा होतो. ताणात फरक उरला नाही की पाण्याला खाली नेणारे फक्त गुरुत्व, आणि मग सोडलेल्या पाण्याचा वेग हीच त्या ओलाव्याची वाहकता. वेग बदलत गेले की पूर्ण वक्ररेषा मिळते. साधेपणात याला तोड नाही, वेळ मात्र फार लागतो. ऑस्ट्रेलियात ग्रीन आणि अँप्ट यांनी १९११ मध्ये पाणी मुरण्याचा एक सुटसुटीत हिशेब दिला होता; त्याच देशातल्या जॉन फिलिप यांनी १९५७ च्या लेखमालेत रिचर्ड्स यांचे समीकरण पाणी मुरण्यासाठी सोडवले. सुरुवातीचा वेग मातीच्या शोषणशक्तीवर आणि नंतरचा गुरुत्वावर अवलंबून असतो, हे त्यातून वेगळे काढता आले. पेरू आणि व्हाइट यांनी १९८८ मध्ये सुधारलेल्या तबकडीच्या मुरमापकाने, म्हणजे पाणी मुरण्याचा वेग मोजणाऱ्या साधनाने, ही शोषणशक्ती शेतातच मोजणे सोपे केले. तबकडीला थोडा ताण दिला की मोठी बिळे-भेगा वगळून फक्त मातीच्या अंगातून जाणारे पाणी मोजता येते.

शेतात खोलवर, माती न उकरता ओलावा मोजण्याची सोय अणुयुगाने आणली. पाण्यातला हायड्रोजन वेगवान न्यूट्रॉनांना मंद करतो. जमिनीत नळी पुरून तीत किरणोत्सारी स्रोत सोडला आणि मंद न्यूट्रॉन मोजले की ओलावा कळतो. आयोवात दुसरे एक गार्डनर आणि कर्कहॅम यांनी १९५२ मध्ये ही रीत मांडली. किरणोत्सारी स्रोत सांभाळण्याचा जाच होता. तो पुढे विद्युत रीतीने दूर केला. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक सुमारे ८०, मातीच्या खनिजांचा ३ ते ५ आणि हवेचा १. हा स्थिरांक मोठा असला की विद्युतस्पंद सावकाश जातो, म्हणून मातीत खोचलेल्या धातूच्या काड्यांतून तो परत यायला लागणारा वेळ जवळजवळ पाण्याच्या प्रमाणावरच ठरतो. कॅनडाच्या टॉप, डेव्हिस आणि अॅनन यांनी १९८० मध्ये दिलेले सूत्र अनेक प्रकारच्या मातींना चालले. आज शेतात खोचल्या जाणाऱ्या बहुतेक स्वस्त संवेदकांमागेही पाण्याचा हाच गुणधर्म आहे.

साधने हाती आल्यावर शेताने स्वतःचे रूप दाखवले. कॅलिफोर्नियात नील्सेन, बिगर आणि एर यांनी १५० हेक्टरांच्या, वरवर एकसारख्या दिसणाऱ्या जमिनीत २० जागा निवडल्या. प्रत्येक जागा पाण्याने भरली आणि पाणी निथळताना वेगवेगळ्या खोलीवर ताण व ओलावा मोजत राहिले. १९७३ मध्ये छापलेल्या निष्कर्षांत ओलाव्याचा फरक माफक होता, पण वाहकतेत जागोजागी प्रचंड तफावत होती. एका जागेचा आकडा साऱ्या शेताला लावणे निराधार ठरले. हा या क्षेत्रातला सर्वांत प्रामाणिक प्रयोग म्हणावा लागेल, कारण त्याने आधीच्या अनेक आकड्यांवरचा विश्वास कमी केला.

त्याच काळात उलट दिशेनेही ओढ होती. मुआलेम (१९७६) आणि व्हान गेन्युख्टेन (१९८०) यांच्या सूत्रांनी ताण-ओलाव्याच्या वक्ररेषेवरून वाहकतेचा अंदाज काढता येऊ लागला. संगणकी प्रतिमानांना हे फार सोयीचे होते. मात्र त्यामुळे वाहकता प्रत्यक्ष मोजण्याचे कष्ट घेणे कमी झाले, आणि सूत्रातून काढलेला आकडा मोजलेल्या आकड्यासारखा वापरला जाऊ लागला.

महाराष्ट्राच्या काळ्या मातीला ही सारी रीत अपुरी पडते. समीकरणात मातीचा सांगाडा स्थिर धरलेला असतो. काळी माती भिजली की फुगते, सुकली की आकसते आणि उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात. मृगाच्या पहिल्या जोरदार सरींचे पाणी या भेगांतून थेट खाली उतरते, वरची ढेकळे कोरडी असतानाच. पुढे भेगा मिटतात आणि तीच जमीन पाणी अत्यंत सावकाश घेते. रोवलेल्या नळीच्या कडेने भेग गेली तर न्यूट्रॉनचे किंवा विद्युत मोजमाप चुकते, आणि कपाचा मातीशी स्पर्श सुटला तर टेन्शिओमीटर मुका होतो. फुगणाऱ्या मातीचा सिद्धान्त फिलिप यांनी १९६० च्या दशकाअखेरीस मांडला, पण शेतातले मोजमाप त्याला अजून पुरते भिडलेले नाही.

दख्खनमध्ये त्यामुळे आणखी एक मार्ग चोखाळला गेला: पाण्यालाच खूण करायची. ट्रिटियमयुक्त पाण्याचा थोडा अंश पावसाळ्याआधी मुळांच्या थराखाली सोडायचा आणि पावसाळ्यानंतर मातीचा गाभा काढून ती खूण किती खाली सरकली ते पाहायचे. जर्मनीतल्या हायडलबर्गमध्ये १९६० च्या दशकात विकसित झालेली ही रीत भारतात आधी गंगेच्या मैदानात वापरली गेली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या आर. एन. आठवले आणि सहकाऱ्यांनी तिच्या साह्याने गोदावरी-पूर्णा आणि कुकडी या खोऱ्यांतील भूजलभरण मोजले आणि १९८३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पावसाचा लहानसा हिस्साच बेसॉल्टवरच्या मातीतून खाली पोचतो, हे त्यातून आकड्यांत आले. भेगांतून निसटणारे पाणी या रीतीतही पूर्ण पकडले जात नाही.

अलीकडची साधने वरून पाहणारी आहेत. २००९ चा युरोपीय एसमॉस आणि २०१५ चा अमेरिकी स्मॅप हे उपग्रह मातीच्या वरच्या सुमारे पाच सेंटिमीटरांतला ओलावा टिपतात. वैश्विक किरणांतून जमिनीत तयार होणारे न्यूट्रॉन मोजणारे यंत्र काहीशे मीटर परिसराची सरासरी देते. असे एक यंत्र पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या आवारात बसवले आहे. ही सारी साधने पाणी किती आहे ते सांगतात. पाणी किती ताणाने धरले आहे आणि किती वेगाने सरकते आहे, हे जाणण्यासाठी आजही मातीत सच्छिद्र कप पुरावा लागतो आणि तबकडीखाली मुरणारे पाणी घड्याळ लावून मोजावे लागते.